सावधान, हातात वस्तरा आहे!

दाढी करणं आपण कामांच्या यादीत कुठे टाकतो? दात घासणं आणि शर्टाला इस्त्री करणं, यांच्या मध्ये कुठेतरी. गीझर तापेपर्यंत गालाला फेस फासायचा, तीन-चार पात्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं वर-खाली फिरवायचं, एक डोळा ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठेवायचा आणि पाच मिनिटांत विषय संपवायचा. नऊची मीटिंग असेल तर तीन मिनिटांत! दाढी वाढवण्याची फॅशन आल्यापासून निम्म्या मित्रांनी तेवढेही कष्ट सोडलेत. (पण बॉस, दाढी ठेवली तरी गालावरची कड आणि मानेवरची रेघ कोणीतरी सरळ करावीच लागते ना?)

मी मात्र गेलं वर्षभर दर रविवारी चक्क पंचवीस मिनिटं दाढी करतो. वस्तऱ्याने! सलूनमध्ये अर्धं ब्लेड खोचून वापरतात तो नव्हे. पणजोबांच्या काळातला, एकसंध पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा अस्सल वस्तरा. हे सांगितलं की समोरून दोनच प्रश्न येतात. मित्र विचारतात, ‘‘कापत नाही का रे?’’ मैत्रिणी विचारतात, ‘‘एवढा वेळ असतो तुझ्याकडे?’’ गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच आहे. वेळ देतो, म्हणून कापत नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते कुठल्या हायफाय ‘मेन्स ग्रूमिंग स्टुडिओ’त नाही, तर जालन्यात. जालना माझं आजोळ. बाहेरच्यांना जालना म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. भंगार भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या बांधकामाच्या सळया ओढायच्या, हा इथला मोठा उद्योग. या सळयांवरच एक लेख करायचा होता म्हणून आठवडाभर मामाकडे मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी मामीने माझ्या खुरट्या दाढीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि मामाने फर्मान काढलं, ‘‘अरे, नदीपलीकडे काकांकडे जाऊन बस. माणसात ये जरा.’’

नदी म्हणजे कुंडलिका. तिच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. काकांचं दुकान जुन्या जालन्यात. (‘‘नाव छापू नका,’’ असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं ‘काका’.) दुकानात एक खुर्ची, एक आरसा, तुरटीचा खडा, रेडिओ आणि संत सेना महाराजांची हार घातलेली तसबीर. गिऱ्हाइकांसाठी काका नवं ब्लेड समोर फोडतात, मधोमध मोडतात आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतात. माझीही दाढी तशीच झाली. पैसे देताना उघड्या ड्रॉवरमध्ये एक चामड्याची धोकटी दिसली आणि तिच्यातून डोकावणारी शिंगाची मूठ. जर्मनीतल्या झोलिंगनचा वस्तरा, काकांच्या वडिलांचा. दुकान उघडण्याआधी काका रोज त्याने स्वतःची दाढी करतात. फक्त स्वतःची.

‘‘काका, मला शिकवाल?’’

‘‘हात पुढं करा.’’ मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी बोटांकडे निरखून पाहिलं. ‘‘थरथरत्यात थोडे. चहा किती घेता?’’

‘‘पाच-सहा कप.’’

‘‘दोनवर या. मग उद्या सकाळी सातला.’’

पहिला धडा चामोट्याचा. चामोटा म्हणजे चामड्याचा पट्टा. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, दुसरं डाव्या हाताने ताणून धरायचं आणि वस्तरा आडवा ठेवून ओढायचा. पात्याची जाड पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवरच पालथं करायचं आणि परत यायचं. धार पुढे ठेवून ओढली तर पट्टा फाटतो आणि धारही जाते. असं तीस वेळा, चाळीस वेळा. सुरुवातीचे दोन दिवस मला फक्त एवढंच काम. तोंडाला साबणाचा थेंब नाही! मी वेग वाढवला की काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, ‘‘घाई काहून करता? कोणी मागं लागलंय का?’’ हात चुकला की त्यांना ते न बघताच कळायचं, आवाजावरून. नीट ओढलं की चामड्यातून एकसारखा ‘सप सप’ आवाज येतो, आणि तिसऱ्या दिवशी तो मलाही ऐकू यायला लागला. वस्तऱ्याची मजा सुरू होते ती इथे. दाढी नंतर!

चामोट्याचा फंडा असा. तो धार लावत नाही. धार लावणं, म्हणजे पाजवणं, हे दगडाचं काम आणि घरगुती वापरात ते काही महिन्यांतून एकदाच लागतं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की एका दाढीतच ती डोळ्याला न दिसेल एवढी वाकते. चामोटा तिला सरळ करतो, साफ करतो. तुम्ही म्हणाल, पोलादाची धार केसाने कशी काय बिघडेल? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी नेमकं हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ब्लेडचं पोलाद केसापेक्षा जवळपास ५० पट कठीण असतं. तरीही कापताना केस वाकला की तो धारेवर तिरका ताण देतो आणि पोलाद जिथे एकसारखं नसेल तिथे धारेचा बारीकसा कपचा उडतो. सायन्स या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘हे बघायला यंत्र कशाला लागतं? म्हणून तर केस आधी भिजवायचा.’’ भिजलेला केस पाणी पिऊन मऊ होतो आणि सहज कापला जातो. बिनपाण्याने हजामत फक्त ऑफिसात होते, न्हाव्याकडे नाही!

दुसरा धडा मडक्याचा. मडकं उपडं मांडीवर घ्यायचं, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा. मडक्याला गोलाई असते, तशीच हनुवटीला. खरखर आवाज आला म्हणजे पातं जास्त उभं झालं. फेस मागे राहिला म्हणजे जास्त आडवं. साधारण तीस अंशांचा कोन, मनगट सैल, आणि जोर अजिबात नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. आपल्याला प्रत्येक गोष्टीत जोर लावायची सवय, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड.

तिसरा धडा, अखेर स्वतःचा गाल. आधी गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं. मग ब्रशने फेस, गोल गोल, सावकाश. मग मोकळ्या हाताने कातडी ताणायची आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातं उतरवायचं. पहिले दोन दिवस फक्त गाल. ओठांच्या वरचा भाग आणि गळा शेवटी. आरशात बघताना पहिल्यांदाच कळलं की माझ्या मानेवरचे केस डावीकडे आडवे वाढतात. अठ्ठावीस वर्षं हीच मान घेऊन फिरतोय, आणि मला पत्ता नाही!

पातं गालावरून उतरताना बारीक, कुरकुरीत आवाज येतो. तो ऐकायचा तर रेडिओ बंद करावा लागतो. फोन तर सोडाच. हातात वस्तरा असताना दुसरं काहीही करता येत नाही. उद्याच्या प्रेझेंटेशनचा विचारसुद्धा नाही. जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या नारायणाची कथा आपल्याला माहीत असते. बोहल्यावर भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, त्याने तो शब्द मनावर घेतला, मांडवातून धूम ठोकली आणि पुढे समर्थ रामदास झाला. आपण तोच शब्द प्रत्येक लग्नात ऐकतो आणि जेवणाच्या रांगेकडे बघतो. वस्तरा गळ्यावर आला की मात्र ‘सावधान’ म्हणजे काय ते बरोब्बर कळतं.

दुपारी मी एमआयडीसीत सळया बघायला जायचो आणि सकाळचा वस्तरा डोक्यात असायचा. दोन्ही पोलादच, पण स्वभाव अगदी उलटा. बांधकामाच्या सळईत कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत ठेवतात, कारण भूकंपात ती वाकली पाहिजे, तुटता कामा नये. वस्तऱ्याच्या पोलादात तो एक टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून पातं कठीण होतं, धार धरतं, पण फरशीवर पडलं तर त्याचा टवका उडतो. हे पोलादाचं वेड या मुलखाला नवं नाही. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी, वुट्झ नावाचं पोलाद बनायचं आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा कारागीर भारतातल्या वुट्झपासून वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा आणि हे पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा सरस आहे, अशी जाहिरात करायचा. १८२० च्या सुमाराला त्याच्यासोबत वुट्झवर प्रयोग कोण करत होतं, माहितीय? मायकेल फॅरेडे. होय, विजेवाला फॅरेडे!

मग हा वस्तरा गेला कुठे? किंग जिलेट या अमेरिकन माणसाला १९०४ साली बदलता येणाऱ्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि दाढी हळूहळू न्हाव्याच्या हातून आपल्या बाथरूममध्ये आली. आपल्याकडच्या सलूनमधून तो हटला त्याला एक फार चांगलं कारण होतं. एकच पातं दिवसभर दहा गालांवरून फिरलं तर रक्तातून पसरणारे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. एड्सबद्दलची जागृती सुरू झाल्यावर ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणायला गिऱ्हाईक शिकलं आणि ते बरंच झालं. तेव्हा मंडळी, सलूनमध्ये जुन्या वस्तऱ्याचा हट्ट धरू नका. तो ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या गालावर.

पाचव्या दिवशी गाल तुकतुकीत झाला आणि मी खुशीत म्हणालो, ‘‘काका, जाम मजा येतेय!’’

काका वस्तरा पुसत होते. ‘‘येणारच. उद्या नाही केली तरी तुमचं चालतंय ना.’’

मग ते बोलायला लागले. त्यांचे वडील अंबड तालुक्यातल्या एका गावात बलुतेदार. धोकटी काखेत मारून पहाटे घरोघर जायचे. पैसे नाहीत, वर्षाच्या शेवटी खळ्यावर ज्वारी मिळायची, आणि किती द्यायची ते देणारा ठरवायचा. गळा विश्वासाने त्यांच्या हाती द्यायचे, पण दाढी झाली की लोक अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचे नाहीत. ‘‘वस्तरा चालायचा, हात चालायचा नाही,’’ काका म्हणाले. आणि मग, मी न विचारताच, पुढचंही सांगितलं. ‘‘ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या डोक्याला आमचाही वस्तरा कधी लागला नाही. पद्धतच होती म्हणायचं आणि पुढं जायचं. आम्हाला जो कमीपणा मिळाला, तो आम्ही पुढं वाटला.’’ शहरात येऊन दुकान टाकलं, तेव्हा त्यांनी एकच नियम केला. खुर्ची एक आहे. जो आधी आला तो आधी बसणार. वडिलांना हे पटायला दोन वर्षं लागली. त्यांचा मुलगा आज रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि वस्तऱ्याला हात लावत नाही. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. ‘‘त्याला निवडता आलं,’’ एवढंच म्हणतात.

पुण्याला परतल्यावर मी वाचत सुटलो, आणि वस्तरा खाली ठेवण्याचा एक वेगळाच प्रसंग सापडला. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय घरांत विधवांचं केशवपन व्हायचं, आणि वस्तरा चालवायचा न्हाव्याने. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी एका सभेत जमले आणि त्यांनी ठरवलं, या बायकांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. ज्यांची रोजची भाकरी त्या हत्यारावर, त्यांनी ते खाली ठेवायचं ठरवलं! काकांच्या गावातही वस्तरा नाकारला जायचा, पण तो दुबळ्यांना. इथे नाकारला तो दुबळ्यांसाठी. फोनवर काकांना हे वाचून दाखवलं, तर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. कात्रण पाठवा.’’ आता ते कात्रण सेना महाराजांच्या तसबिरीशेजारी लावलेलं आहे, असं मामा सांगतो.

आणि हेच ते लोखंडे, ज्यांच्या गिरणी कामगार चळवळीमुळे त्याच वर्षी, जून १८९० मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. माझी पंचवीस मिनिटांची दाढी नेमकी त्या रविवारी होते. एरवी मला रविवार म्हणजे लोळायचा हक्क वाटायचा. आता चामोटा ताणताना कधीकधी आठवतं, की हा वार कुणीतरी मागून, भांडून घेतलेला आहे.

आता काहींना वाटेल, हे सगळं ठीक, पण आम्ही काय करायचं? तर ज्यांना हात साफ करायचाय त्यांच्यासाठी, काकांच्या क्लासमधले काही नियम:

वस्तरा घेण्याआधी चामोटा घ्या आणि आठवडाभर फक्त तोच ओढा. कंटाळा आला तर हा नाद आपला नाही, असं समजा. पैसे वाचतील.

व्हिडिओ बघून धार लावू नका. पाजवणं हे वेगळं कौशल्य आहे. जाणकाराकडून एकदा बघून घ्या.

रोज करायच्या फंदात पडू नका. वर्किंग डेला तुमचा नेहमीचा रेझर झिंदाबाद. उशीर झालाय, झोप झालेली नाही किंवा डोक्यात राग आहे, अशा वेळी वस्तरा उघडायचा नाही.

दाढीनंतर थंड पाणी, मग तुरटी. ती चुरचुरली तर समजा, कुठेतरी जोर जास्त लागला. तुरटी खोटं बोलत नाही.

पातं कोरडं करून तेलाचा हलका हात फिरवा आणि बाथरूमबाहेर ठेवा, नाहीतर गंज चढलाच. घरात लहान मूल असेल तर कुलपात. विमानाने जाणार असाल तर केबिन बॅगेत चालणार नाही, चेक-इनमध्ये टाका.

शिकवणीची फी विचारली तेव्हा काकांनी बोटं मोजून सात दाढ्यांचे पैसे सांगितले. पाच दिवस सकाळी त्यांची खुर्ची मी अडवली होती, त्याचे पाच. एक सुरुवातीच्या दाढीचा, जो मी आधीच दिला होता पण त्यांना आठवत नव्हता. आणि एक मडक्याचा. मी मुकाट्याने सातही दिले.

तुम्हाला वस्तरा नको असेल तर नको. पण पुढच्या वेळी खुर्चीत मान मागे टाकाल, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि त्या माणसाच्या मनगटाकडे बघा. तीस अंश, जोर शून्य, आणि तोंडाने तुमच्याशी क्रिकेटच्या गप्पा! मुद्दाम जालन्याला जाऊन काकांचाच हात बघायचा असेल, तर सोमवार टाळा. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी काका स्वतःची दाढीसुद्धा करत नाहीत.